पाळकसाहेबांचं पोट

आमच्या घरात ज्वारी, तांदूळ, तुरीची डाळ, गहू आणि कधीमधी मूगसुद्धा एकाच डब्यातून यायचे, आणि ही काही आमची आवड नव्हती. नेरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रीत अशी होती, की प्रत्येक घरच्या बाईने स्वयंपाकाला लागताना पहिली मूठ देवाची म्हणून चुलीजवळच्या डबीत बाजूला टाकायची. आठवडाभराची ती डबी रविवारी चर्चच्या दारातल्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात रिकामी व्हायची, आणि उपासना संपली की तो डबा पाळकाच्या घरी यायचा. पाळक म्हणजे माझे बाबा. आता कोणाच्या घरी त्या दिवशी भात, कोणाच्या घरी भाकरी, कोणाच्या घरी वरण. मूठ ज्याची त्याची, डबा मात्र सगळ्यांचा एकच. त्यामुळे रविवारची दुपार आमच्याकडे निवडण्यात जायची. आई परातीत डबा उलटा करायची, त्याचा सरसर आवाज यायचा, आणि ती, मी आणि माझा धाकटा भाऊ दान्या तिन्ही बाजूंनी बसायचो. तांदूळ माझ्याकडे, ज्वारी आईकडे, डाळ दान्याकडे. पुढे आयुष्यभर दवाखान्यात मी औषधाच्या गोळ्या वाटल्या, आणि माझ्या बोटांचं कौतुक झालं की मला ती परात आठवायची. जे काही केल्या वेगळं व्हायचं नाही ते सगळं चक्कीवर जायचं. त्या पिठाच्या भाकरीची चव कशी होती असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, कारण दर आठवड्याला ती वेगळी असायची. खडे निघायचे, टोके किडे निघायचे. किडका तांदूळ हाताला लागला की आई म्हणायची, देव बिचारा काही बोलत नाही, म्हणून लोकांचं फावतं.

या धान्याशिवाय बाबांना महिन्याला काही रक्कम मिळायची. तिला पगार म्हणत नसत, मदत म्हणत. गोरे मिशनरी साहेब जाताना मंडळीला दगडी चर्च, एक घंटा, एक खोकणारा बाजा आणि आपल्या पाळकाला आपणच पोसावं असा उपदेश देऊन गेले होते. पहिल्या तीन गोष्टी मंडळीने जिवापाड जपल्या. मदतीचा आकडा कोणत्या काळी ठरला होता ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि त्याला हात लावणं म्हणजे चर्चची भिंत पाडण्यासारखं समजलं जायचं. खजिनदार लग्नाला गावाला गेले की मदतही त्यांच्याबरोबर लग्नाला जायची. बाबा मात्र रोज सायकलवर. कोणाचं मूल आजारी, कोणाचा म्हातारा गेला, कोणाला यवतमाळच्या कचेरीत सोबत पाहिजे, कोणाचा जावई मुलीला नांदवत नाही, सगळीकडे बाबा. एकदा पहाटे निघालेले संध्याकाळी आले, तर दोन गावांत दोन मयती करून आले होते, आणि मधल्या वेळात एक साखरपुडा.

शेजारी वानखडेकाका राहायचे. ते एसटीत कंडक्टर होते, आणि ते कुटुंब बौद्ध असल्यामुळे आमच्या मंडळीतल्या कुठल्याच भानगडीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. म्हणूनच आई मोकळेपणाने फक्त वानखडेकाकूंशी बोलायची. मधल्या भिंतीवर एकीकडून एक आणि दुसरीकडून दुसरी अशा दोघी कोपरं टेकून उभ्या असायच्या. काकूंना आमचा कारभार कधी कळलाच नाही. त्यांच्याकडे महिना भरला की पगार यायचा आणि नाही आला तर काका संपावर जायचे. एकदा त्यांनी आईला सरळ विचारलं, "आमचे हे संप करतात. तुमचे साहेब काहून नाई करत?" आई म्हणाली, देवाच्या विरुद्ध संप कसा करता येईल. काकू म्हणाल्या, "देवाच्या विरुद्ध कायले? त्या मास्तराच्या विरुद्ध करा ना." आई हसली, पण तिने ते बोलणं डोक्यात ठेवलं असावं.

मास्तर म्हणजे साळवे मास्तर, निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांचे प्रमुख. उंच, ताठ, पांढरंशुभ्र धोतर. निम्म्या नेरला त्यांनी पाढे शिकवले होते. स्वभावाने वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. घरी गेलेल्या माणसाला ते जेवल्याशिवाय सोडत नसत. आणि इथेच खरी गोम होती, कारण आमच्या मंडळीत सगळेच तसे होते. पाळक घरभेटीला आला आणि उपाशी गेला तर त्या घराची मान खाली जायची. बाबा प्रार्थना करायचे आणि डोळे उघडायचे तर समोर ताट. रोडगे आणि वांग्याची भाजी, कोंबडीचा रस्सा, पानगे, सणासुदीला पुरणाची पोळी. एका दिवसात तीन घरं झाली तर तीन जेवणं. बाबांना खाण्याची आवड होती, आणि नाही म्हणण्याची सवय नव्हती. ते संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या हाताला रश्श्याचा वास यायचा आणि आम्ही त्या बेनामी पिठाची भाकरी चटणीशी खात असायचो. "मले भूक नाही, तुम्ही जेवा," ते म्हणायचे, आणि त्यांना वाटायचं की आपण घरच्यांसाठी मोठा त्याग करून राहिलो. असं करता करता बाबांना पोट आलं. चांगलं गोल, झग्याची शेवटची दोन बटणं सोडावी लागतील इतकं.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि दूरच्या एका मिशन दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत माझा नंबर लागला. शिकवण्याची फी माफ होती, पण अनामत भरायची होती, दोन गणवेश, पांढरे बूट, गादी आणि कुलुपाची ट्रंक न्यायची होती. हंगामाचा सण झाला की हजर व्हायचं होतं. घरात तेवढे पैसे नव्हते आणि उसने मागायचे तर ज्यांच्याकडे मागायचे तेच आमचे पंच. आईने बाबांना सांगितलं की हंगामाच्या सणाला मंडळीची सभा भरते, त्यात या वर्षी मदत वाढवून मागा. बाबा एकदम दुखावले. शास्त्रातल्या बाकी सगळ्या विषयांवर त्यांनी प्रवचनं दिली होती, पण मजुराला त्याची मजुरी मिळाली पाहिजे हे वचन आलं की दोन पानं चिकटल्यासारखे ते पुढे जायचे. "देवाच्या कामाचा भाव करू का मी? मी का कापसाचा दलाल आहो?" आई म्हणाली, "देवाले नका मागू. मास्तराले मागा." बाबा त्यावर उठून सायकल पुसायला गेले. मला वाटलं, संपलं. माझी ट्रंक काही येत नाही.

मग आईला एक गोष्ट कळली. स्त्री-मंडळाच्या बैठकीत खजिनदारांची बायको हसता हसता बोलून गेली, की दरवर्षी सभेत मदतीचा विषय निघतो, आणि दरवर्षी मास्तर एकच वाक्य बोलतात, "पाळकसाहेबाकडे एकडाव पाहा. उपाशी माणसाचं पोट असं असते का?" सगळे हसतात आणि विषय संपतो. म्हणजे मंडळी आपणच बाबांना जेवू घालत होती, आणि आपणच घातलेलं जेवण दाखवून आमचं जेवण नाकारत होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण प्रत्येकाला आपल्या घरचं एकच ताट दिसत होतं. आई त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ पायरीवर बसली. मग उठली आणि बाबांना म्हणाली, की आजपासून सभेपर्यंत लोकांच्या घरी अन्नाला हात लावायचा नाही. जे काय खायचं ते आमच्याबरोबर, घरी. बाबा म्हणाले, लोकांना काय सांगू, खोटं तर बोलता येत नाही. आई म्हणाली, खोटं कायले, नुसतं 'आज नको' म्हणा.

बाबा ऐकतील असं मला वाटलं नव्हतं, पण ऐकलं. मला वाटतं, मजुरी मागण्यापेक्षा उपाशी राहणं त्यांना सोपं वाटलं. ते घरी आमच्या पंगतीला बसू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आपल्या घरात काय शिजतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिली भाकरी खाल्ल्यावर ते आईकडे बघत राहिले. दुसरी मागायला हात पुढे आला, दान्याच्या ताटाकडे नजर गेली आणि हात मागे गेला. रोज तसंच. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा रोज आमच्याबरोबर जेवत होते. त्यांचं पोट हळूहळू उतरलं. झगा खांद्यावरून लोंबायला लागला, आईने आतून टाके घातले. मग तिच्या लक्षात आलं की टाके घालून आपण आपलंच नुकसान करतोय, आणि तिने ते उसवले.

पण मंडळीने त्याचा अर्थ काय लावावा? पाळकसाहेब जेवत नाहीत म्हणजे पाळकसाहेब उपासाला बसले आहेत. तेही न सांगता, म्हणजे खरा उपास. आणि उपास कोणासाठी, तर नक्कीच कोणाच्या तरी पापासाठी. आता कोणाच्या, याचा प्रत्येक घराने आपापल्या परीने विचार केला आणि प्रत्येकाला आपलंच काहीतरी सापडलं. मास्तरांचा मुलगा प्यायचा, त्याने बाटली नालीत ओतली. एका गावचे दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टात भांडत होते, ते भर उपासनेत एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. बाया बाबांना वाकून सलाम करू लागल्या. बाबांना हे सगळं दिसत होतं आणि ते कासावीस होत होते. एकदा ते आईला म्हणाले, की अग, लोक सुधारून राहिले, आता कसं सांगू? आई म्हणाली, सुधारू द्या, त्यात आपलं काय जाते. अर्पणाची थैली जड झाली. मास्तर खुशीत होते. त्यांच्या मनात चर्चला लाउडस्पीकर बसवायचं कधीपासून होतं.

इथे मला थोडं थांबून आजचं सांगावंसं वाटतं. दान्याचा मुलगा आता उमरखेडच्या बाजूला पाळक आहे. तिथे अर्पणाच्या थैलीशेजारी मोबाइलने पैसे पाठवायचा चौकोनही चिकटवला आहे, आणि सगळं आधुनिक आहे. पोरगा दुपारी शिकवण्या घेतो आणि संध्याकाळी विम्याच्या पॉलिसी विकतो, कारण मंडळी देते त्यात त्याचं घर चालत नाही. गेल्या वर्षी त्याने वाढ मागितली तर कोणीतरी म्हणालं, पाळकसाहेबांच्या हातातला मोबाइल बघा. तो मोबाइल त्याच्या सासऱ्याने दिलेला आहे. पोटाचे दिवस गेले, एवढीच काय ती प्रगती.

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, कोंबड्या सगळं पुढे आणून ठेवत आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. एक भोपळा घेणारा पुन्हा देवाला देई, तो पुन्हा विकला जाई, आणि असा एकच भोपळा हातोहात फिरत मोठ्या माणसांचा मोठेपणा वाढवत राही. आमच्या आईलाही एक कोंबडी द्यावी लागायची, म्हणजे बाबांच्या मदतीत आमच्या कोंबडीचाही वाटा असायचा. लिलाव झाला की तिथेच सभा. आणि मदतीचा विषय आला की पाळकाने घरच्यांना घेऊन बाहेर जायचं, पंच बोलावतील तेव्हा आत यायचं, ही रीत. आम्ही चौघं चर्चच्या मागच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो. खिडकीतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मास्तरांचा आवाज आला. आईने माझा हात धरला. दरवर्षी याच ठिकाणी हसण्याचा आवाज यायचा. या वेळी कोणीच हसलं नाही. आईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तिच्या मनात माझी ट्रंक खरेदी झाली होती, मला दिसत होतं.

आत बोलावलं तेव्हा सगळे उभे होते. मास्तरांच्या हातात शाल होती. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी सांगितलं, की आपल्या पाळकाने एवढ्या दिवसांचा उपास करून मंडळीला जागं केलं. दरवर्षी आपण या ठिकाणी मदतीचा विषय घेतो, पण या वर्षी अशा माणसासमोर पैशाचं नाव काढायची पंचांना लाज वाटली. म्हणून तो विषय बंद केला आहे. त्याऐवजी पाळकसाहेबांची वाणी बस स्टँडपर्यंत पोचावी म्हणून लाउडस्पीकर घ्यायचं ठरलं आहे. आणि साहेबांचा आहार आता फार थोडा झाला असल्यामुळे मुठीच्या धान्यातला अर्धा भाग त्या कामी विकायला हरकत नाही, असं सर्वांचं मत पडलं. टाळ्या झाल्या. बाबांच्या खांद्यावर शाल आली. आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आभाराचे दोन शब्द बोलायला बाबा पुढे गेले. व्यासपीठावर ते नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे, अशी की दान्याला निम्मी कळायची नाही. सुरुवात तशीच केली. प्रिय बंधुभगिनींनो, म्हणाले. मग थांबले, शाल काढली, घडी घातली, आणि घरी बोलायचे तसं बोलू लागले.

"मले उपास नव्हता," बाबा म्हणाले. "मी घरी जेवत होतो. जेवढं होतं तेवढं जेवत होतो. तुम्ही मले खाऊ घालता, माह्या लेकराइले नाही, हे मले आत्ता आत्ता समजलं. पोरीले नर्सिंगले पाठवाचं आहे. मले पगार वाढवून पाह्यजे. मदत नाही, पगार."

कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या. मग त्या कोर्टवाल्या दोघांतला थोरला भाऊ उठला आणि त्याने अगदी मनापासून विचारलं, की मग मी धुरा सोडून दिला तो कायच्यासाठी? बाबा म्हणाले, तुमच्या भल्यासाठी. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. पुढे बरीच बोलाचाली झाली. पण माणसाने तोंडावर मागितलं तर तोंडावर नाही म्हणणं आमच्या लोकांना जमत नाही. त्यांची सगळी हुशारी कोणी मागू नये एवढ्यापुरतीच असते. पगार वाढला. फार नाही, पण माझी अनामत, बूट आणि ट्रंक होईल इतका वाढला. लाउडस्पीकर मागे पडला, धान्य पूर्ण राहिलं, आणि मदत हा शब्द जाऊन पगार हा शब्द कायमचा रुजू झाला.

आणि त्या शब्दाबरोबर जे यायचं ते सगळं आलं. दुसऱ्याच आठवड्यात त्या भावांनी पुन्हा तारीख लावून घेतली, कारण उपासच खरा नव्हता तर समेट कसला खरा? मास्तरांच्या मुलाने आपला निर्णय मागे घेतला. बाबा यवतमाळला जाऊन आले की खजिनदार विचारायचे, सुट्टी घेतली होती का. घरभेटीत चहा मिळायचा, ताट यायचं बंद झालं, कारण पगारी माणसाला कोण कशाला जेवू घालेल. वाकून सलाम करणाऱ्या बाया नुसती मान हलवू लागल्या. बाबांना याचं वाईट वाटलं, फार वाटलं. सायकल पुसायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागायचा. आईला मात्र काडीचंही वाईट वाटलं नाही. वानखडेकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "झाला ना तुमचा संप?" आणि आई इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

मी निघाले त्या दिवशी बाबांना एका गावी मयत होती, म्हणून आई आणि दान्या स्टँडवर आले. यवतमाळची गाडी लागली होती. ट्रंक टपावर चढली, मी खिडकीशी बसले, आणि गाडी सुटता सुटता साळवे मास्तर चढले. पेन्शनच्या कामाला ट्रेझरीत निघाले होते. दुसरी जागा नव्हती, म्हणून माझ्याशेजारी बसले. सभेपासून ते आमच्या घरी आले नव्हते. गाव मागे पडेपर्यंत आम्ही दोघंही बाहेर बघत होतो. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "करुणा, तुह्या बापानं मागतलं ते बरोबर होतं. पन मागाले नव्हतं पाह्यजे."

माझा राग नाकापर्यंत आला होता. घरातून बाहेर पडलेल्या मुलीला जी जास्तीची हिंमत येते तीही होती. मी विचारलं, "न मागता तुम्ही देल्लं असतं का, मास्तर?"

मास्तरांनी नजर खाली नेली. वर्गात एखाद्या पोराने अवघड प्रश्न विचारला की ते असेच खाली बघून विचार करायचे, आणि चुकीचं उत्तर द्यायचे नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस भरलेल्या बैलगाड्या मागे जात होत्या. कोणी अनोळखी कंडक्टर पुढच्या बाकापासून तिकिटं फाडत आमच्याकडे येत होता.

"नसतं देल्लं," मास्तर म्हणाले. आणि मी पिशवीत पैसे शोधतेय तोवर त्यांनी कंडक्टरकडे दोन तिकिटं मागितली.